फेनविकसाहेबांचा दहावा

विजयमालाबाई कानवडे यांनी आयुष्यात दोनच गोष्टी नेटाने केल्या. एक म्हणजे संगमनेरच्या एका कॉलेजात पोरांना फिजिक्स शिकवलं, आणि दुसरी म्हणजे टोबायस फेनविक नावाच्या माणसाचा ध्यास घेतला. पहिलीतून त्या रीतसर निवृत्त झाल्या, शाल-श्रीफळ मिळालं, फोटो निघाला. दुसरीतून निवृत्त व्हायची सोयच नव्हती.

हा फेनविक कोण, हे बाईंच्या ओळखीतल्या सगळ्यांना माहीत होतं, पण अर्धवट. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यात, इंग्लंडच्या सरकारी वेधशाळेत तो गणितं करायला म्हणून चिकटला आणि म्हातारा होईपर्यंत तिथून हलला नाही. तिथे उत्तर-दक्षिण रेषेत पक्की बसवलेली एक दुर्बीण होती. तिच्यात कोळ्याच्या जाळ्याचे उभे धागे ताणलेले असत. तारा सरकत सरकत धाग्यावर आला की शेजारच्या घड्याळाचा ठोका ऐकून वेळ टिपायची, एवढंच काम. पण त्या कामावर सगळ्या देशाची घड्याळं लागायची आणि बोटी समुद्रात वाट काढायच्या. भानगड एकच होती. फेनविकला तारा धाग्यावर आलेला जरासा उशिरा दिसायचा. सेकंदाचा तिसरा हिस्सा, रोज तेवढाच. ती चूक नव्हती, तो त्याचा पिंडच होता. वेधशाळेचे प्रमुख सर हम्फ्री यांनी तो उशीर मोजला, त्याला फेनविकचंच नाव दिलं आणि त्याच्या प्रत्येक नोंदीतून तेवढा वेळ वजा करायचा हुकूम काढला. माणूस जन्मभर राबला आणि जन्मभर त्याच्यातून वजाबाकी होत राहिली. बाईंनी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुण्याच्या एका लायब्ररीत बसून त्या हमसून रडल्या होत्या, आणि पंख्याखाली झोपलेला शिपाई दचकून उठला होता.

दुःख हे की फेनविकची ही गोष्ट बाईंकडून शेवटपर्यंत कुणीही ऐकली नव्हती. आणि बाईंचं म्हणणं असं की सगळी मेख शेवटातच आहे. शेवट ऐकला नाही तर फेनविक कळलाच नाही. कॉलेजच्या विज्ञानदिनी देणगीदारांचे सत्कार एवढे लांबले की फेनविक नोकरीला लागला आणि राष्ट्रगीत सुरू झालं. गावातल्या व्याख्यानमालेत त्यांना मोठ्या सन्मानाने बोलावलं, पण फेनविकचं लग्न जेमतेम उरकलं आणि संयोजकांची चिठ्ठी आली, आवरतं घ्या. महिला मंडळात वीज गेली. घरची तर गोष्टच सोडा. बाईंचे यजमान अंगदराव भला माणूस, पण फेनविक हा शब्द कानावर पडला की त्यांना भाजी आणायची आठवण व्हायची. त्या घरात भाजी कधी कमी पडली नाही.

अशा वैराण मुलखात बाईंना एकच विसावा सापडला, तो म्हणजे मागच्या गल्लीतले काकासाहेब वर्पे. काकासाहेब अर्धं आयुष्य तालुक्यातल्या एका दूध संघाचे डायरेक्टर होते. वय झाल्यावर ओसरीत खुर्ची टाकून बसायचे. एका रविवारी बाई सहज त्यांच्याकडे गेल्या आणि बोलता बोलता फेनविकवर आल्या, कारण बाई कुठूनही निघाल्या तरी फेनविकवरच यायच्या. काकासाहेब ऐकत राहिले. उठले नाहीत, मोबाईल काढला नाही, जांभई दिली नाही. डोळे सरळ बाईंच्या तोंडाकडे, आणि मध्येच मान हलवून जड आवाजात, "बरोबर हाय." थोड्या वेळाने पुन्हा, "रास्त हाय." बाईंना भरून आलं. पुढच्या रविवारी त्या पुन्हा गेल्या. मग तो नेमच झाला. काकासाहेबांच्या पत्नी आक्काबाई चहा आणून ठेवायच्या आणि आत निघून जायच्या, आणि बाई चहा गार होईपर्यंत इंग्लंडात असायच्या.

इतका ऐकणारा माणूस मिळाल्यावर बाईंनी कशात हात आखडता घेतला नाही. फेनविकचं बालपण, त्याचा डावा डोळा, दुर्बिणीवर पडणारं दंव, सर हम्फ्रींचा खवट स्वभाव, सगळं तपशिलात. फेनविकने प्रमुखपदासाठी तिसऱ्यांदा अर्ज केला, इथवर गाडी आली आणि काकासाहेब छातीत कळ येऊन दवाखान्यात गेले. तिथून परत आले नाहीत.

बाई मनापासून रडल्या. रडता रडता त्यांना कळलं की यातलं थोडं रडू फेनविकसाठी आहे, आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून रडू थांबलं नाही.

दहाव्याला प्रवरेच्या घाटावर ही गर्दी. काकासाहेबांचं नाव मोठं, त्यातून दूध संघाची निवडणूक तोंडावर, त्यामुळे पांढऱ्या कपड्यांचा नुसता समुद्र लोटला होता. आधी कानिफनाथ महाराजांचं प्रवचन झालं. मग श्रद्धांजलीची भाषणं. माइक भागवतरावांच्या ताब्यात होता. भागवतराव म्हणजे संघाचे सध्याचे व्हाइस चेअरमन. चेअरमन व्हायची त्यांची इच्छा फार जुनी, पण दरवेळी ऐनवेळी दुसरंच नाव पुढे यायचं. लग्न असो, उद्घाटन असो की दहावा, सूत्रसंचालन त्यांचं, आणि तिन्हीकडे आवाज तोच. सगळ्या पक्षांच्या प्रतिनिधींनी सांगितलं की काकासाहेबांच्या जाण्याने कधीही न भरून येणारी पोकळी निर्माण झाली आहे. त्या पोकळीवर एक डोळा ठेवूनच बरेच जण बोलत होते.

गुरुजींनी पिंड मांडले. लोक उठून मागे सरकले आणि कावळ्याची वाट बघू लागले.

कावळे होते, नव्हते असं नाही. लिंबाच्या झाडावर चांगले ओळीने बसले होते. पण एक खाली उतरेल तर शपथ. घाटावर त्या दिवशी पलीकडे आणखी एक दहावा होता. त्यांच्या पिंडाला कावळा शिवला, परत दुसरा शिवला, जाता जाता तिसराही चोच मारून गेला. इकडे काकासाहेबांचा थोरला मुलगा अमृत ओल्या धोतरात हात जोडून उभा. अमृत नगरला सावेडीत राहायचा, फरशीचं दुकान होतं, ऊन कधी अंगावर घेतलेलं नव्हतं.

"अण्णा, काळजी करू नका," अमृत पिंडाला म्हणाला. "आईला मी आंतर देनार न्हाई."

कावळे हलले नाहीत.

"सविताचं माहेरपण तुटू देनार न्हाई."

सविता म्हणजे बहीण. ती मागे हुंदके देत होती, ते जरा वाढले. कावळे तसेच.

मग गोठा मोडणार नाही हे सांगून झालं. विहिरीवरची वाटणी गुण्यागोविंदाने करू हे सांगून झालं. कुणीतरी तंबाखूची पुडी आणून ठेवली, कुणी चहा आणला. भागवतराव माइकवरून म्हणाले, "मंडळींनी कृपया आनखी मागं सरकावं आन् कावळ्यांना जागा करून द्यावी." मंडळी सरकली. तेव्हा भागवतरावांनी, दूध संघाच्या आवारात काकासाहेबांचा अर्धपुतळा बसवू, असं जाहीर केलं. एक कावळा खरंच खाली झेपावला. सगळ्यांचे श्वास अडकले. तो पिंडावर एक गिरकी मारून पलीकडच्या दहाव्याला निघून गेला.

"पूर्ण पुतळा पायजे असंल," मागून कुणीतरी म्हणालं.

ऊन चढलं. काहींना दुसऱ्या गावी दुसऱ्या दहाव्याला जायचं होतं, काहींना लग्नाला. गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावावा असं सुचवलं, शास्त्रात सोय आहे म्हणाले. पण काकासाहेबांसारख्या माणसाला गवताचा कावळा, हे भावकीला पटेना. "काय तरी राह्यलंय त्यांचं," एक म्हातारा म्हणाला. "काय राह्यलंय ते हुडका."

बायकांच्या घोळक्यातून विजयमालाबाई दोन पावलं पुढे आल्या आणि थांबल्या. काय राहिलंय हे त्यांना केव्हाच कळलं होतं, खरं म्हणजे पहिला कावळा हलला नाही तेव्हाच. पण आपल्या तोंडाने कसं सांगायचं. विज्ञान शिकवलेल्या बाई आपण, पिंड आणि कावळा यांचा काही संबंध नसतो हे पोरांना सांगत आलो. असं त्या स्वतःला बजावत होत्या आणि दुसरं मन म्हणत होतं, गेलेला माणूस शेवट ऐकायला तिष्ठतोय, विजू, आणि तू नियम काय सांगतेस.

सुदैवाने अमृतला आठवलं. तो वळला आणि सगळ्या घाटाला ऐकू जाईल असं म्हणाला, "बाई, तुमची ती गोऱ्या साहेबाची गोष्ट अण्णा दर रविवारी ऐकायचे. ती पुरी झाली हुती का?"

"नाही रे," बाई म्हणाल्या. आवाज दुःखी ठेवायला त्यांना कष्ट पडले. "थोडी राहिली होती."

"मंग तेच असंल. सांगून टाका."

एकदम सगळ्यांना पटलं. पटण्याचं खरं कारण ऊन होतं, पण पटलं. बाईंना वाट करून दिली. भागवतरावांनी माइकवर फुंकर मारली आणि म्हणाले, "यानंतर आदरणीय विजयमालाताई कानवडे या श्रीयुत फेनविकसाहेब यांच्या जीवनकार्याचा आढावा घेतील. मी ताईंना विनंती करतो."

जन्मात पहिल्यांदा बाईंच्या हातात माइक होता, समोर एवढा मोठा जमाव होता, आणि कावळा शिवेपर्यंत एकालाही उठून जाता येणार नव्हतं. बाईंनी पदर सारखा केला. मनातल्या मनात काकासाहेबांचे आभार मानले.

मध्येच सुरू करून कुणाला काय कळणार, म्हणून बाईंनी थोडक्यात मागचं सांगितलं. थोडक्यात म्हणजे बाईंच्या मानाने. तारा, धागे, ठोका, उशीर, वजाबाकी. लोक आधी उन्हाने कावले होते, पण हळूहळू कान टवकारले. रात्रपाळी त्यांना कळत होती, खवट साहेब कळत होता, आणि केलेल्या कामातून दुसऱ्यानेच काहीतरी कापून घेणं तर फारच चांगलं कळत होतं. तेवढ्यात पंचायत समितीचे एक सदस्य उशिरा आले, घाईघाईने माइकजवळ पोचले, कानावर दोन वाक्यं पडली तेवढ्यावर मान खाली घातली आणि बाईंच्या हातातला माइक हळूच घेऊन म्हणाले, "कैलासवासी काकासाहेब आन् कैलासवासी फेनविकसाहेब, दोघंबी अतिशय मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व हुतं. दोघांच्या आत्म्यास शांती लाभो." मागच्या बऱ्याच लोकांनी उभ्याउभ्या हात जोडले. एक जण शेजाऱ्याला विचारत होता की हे फेनविक कुठले, अकोल्याकडचे काय. शेजारी म्हणाला, भायरचेच दिसत्यात, पण संघात असतील.

बाईंनी माइक परत घेतला आणि तिसऱ्या अर्जावर आल्या. सर हम्फ्री निवृत्त झाले. प्रमुखाची जागा रिकामी झाली. वेधशाळेतला कोपरा न् कोपरा फेनविकला ठाऊक, सगळ्यांत जुना तो, आधी दोनदा डावललेला. आता तरी आपल्याला मिळेल म्हणून त्याने नवा कोट शिवला.

"आणि वरून कोण पाठवलं?" बाईंनी विचारलं. "केंब्रिजचा एक पोरगेला माणूस. ज्याने त्या दुर्बिणीला कधी हातसुद्धा लावला नव्हता."

जमावातून संतापाची एक लाट गेली.

"भायरचा उमेदवार लादला," कुणीतरी म्हणालं.

"निष्ठावंताची किंमत न्हाई राह्यली."

"तिकिटाच्या येळेला असंच करत्यात."

सर्वांत जास्त लागलं ते भागवतरावांना. ते बाईंच्या शेजारी उभे होते आणि त्यांचे डोळे खरोखर भरले होते. "मंग त्यानं काय केलं, ताई?" त्यांनी खासगी आवाजात विचारलं, पण माइक जवळ असल्यामुळे ते सगळ्या घाटाला ऐकू गेलं. "अपक्ष उभा राह्यला का?"

"काही नाही केलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कामावर आला."

लोक हळहळले. खुद्द कानिफनाथ महाराज "राम कृष्ण हरी" म्हणाले. असं ऐकणारं माणूस बाईंनी स्वप्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. त्या फुलून आल्या होत्या. कावळ्यांकडे मात्र कुणाचं लक्ष नव्हतं, आणि कावळे लिंबावरून उठून चांगले नदीपलीकडे जाऊन बसले होते. बाई जितक्या रंगत होत्या तितके ते लांब जात होते. हे फक्त एका माणसाच्या लक्षात आलं.

"आता शेवट," बाई म्हणाल्या आणि थांबल्या. या शब्दापर्यंत त्या कधीच पोचल्या नव्हत्या. "फेनविकच्या निवृत्तीचा दिवस उजाडला. संध्याकाळी तो नव्या प्रमुखाकडे गेला आणि म्हणाला, साहेब, एक मागणं आहे."

इतक्यात आक्काबाई उठल्या. सकाळपासून त्या एका पायरीवर गुडघ्यांना मिठी मारून बसल्या होत्या, कुणाशी बोलल्या नव्हत्या. त्या सावकाश चालत पिंडापाशी गेल्या, वाकल्या, काहीतरी पुटपुटल्या आणि दोन पावलं मागे झाल्या. नदीपलीकडून एक कावळा उठला. इकडे तिकडे न बघता सरळ आला, काकासाहेबांच्या पिंडावर बसला आणि चांगला पोटभर जेवू लागला.

"शिवला, शिवला," असा गलका झाला. अमृत मटकन खाली बसला. गुरुजींनी भराभर उरलेलं उरकलं. भागवतरावांनी माइक बाईंच्या हातातून घेतला, वर्पे परिवाराच्या वतीने सर्वांचे आभार मानले, नंतर कुणालातरी खूण केली, आणि माइकवाल्याने वायर गुंडाळायला घेतली. दहा-वीस मोटारसायकली एकदम सुरू झाल्या. जो तो म्हणत होता की गोष्टीचाच गुण आला, काकासाहेबांचा जीव तिच्यातच अडकला होता. आणि असं म्हणत जो तो चालू लागला. शेवट काय, हे विचारायला एकही थांबला नाही. भागवतराव तेवढे जाता जाता म्हणाले, "ताई, फार हृदयस्पर्शी. आमच्या सभेला एकदा ठिवू या," आणि गाडीत बसले.

बाई घाटावर उभ्या राहिल्या. डोळ्यात पाणी आलं होतं. यावेळचं सगळं फेनविकसाठीच होतं, आणि थोडं स्वतःसाठी. त्यांनी मनाची समजूत घातली की जाऊ दे, काकासाहेबांना तरी न सांगताच शेवट पोचला.

आक्काबाई परत आपल्या पायरीवर येऊन बसल्या होत्या. अमृत गाडी आणायला गेला होता, बायका कपडे आवरत होत्या. बाई जवळ गेल्या.

"आक्का, बरं झालं शिवला ते," त्या म्हणाल्या. "तुम्ही काय सांगितलंत त्यांना?"

आक्काबाईंनी वर बघितलं. खोटं बोलायचा त्यांचा स्वभाव नव्हता, आणि त्या दिवशी तर अंगात तेवढं बळही नव्हतं.

"म्हनले, बाईंचं इथून फुडं मी बघते. तुमी सुटलात."

बाईंना आधी अर्थच लागला नाही. लागला तेव्हा त्या म्हणाल्या, "सुटलात म्हणजे?"

"वाईट वाटून घिऊ नका बाई. मालक झोपायचे."

"झोपायचे? डोळे तर उघडे असायचे. मान हलवायचे ते. बरोबर हाय म्हणायचे."

"व्हय. संघाच्या मीटिंगीत बसून बसून शिकले हुते. डोळं उघडं ठिवून झोपायचं आन् मधीच बरोबर हाय म्हनायचं. त्याच्यावरच इतकी वर्षं डायरेक्टर राह्यले." आक्काबाईंनी पदराने तोंड पुसलं. "शनवारी रात्रीपासून त्यांना उद्याच्या रविवाराचा घोर लागायचा. पन तुमाला न्हाई म्हनायची इच्छा न्हवती. बाई लांबून येती, म्हनायचे. मागच्या गल्लीतून."

बाईंना कुणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. ज्या एका माणसाच्या जोरावर त्या एवढे रविवार जगल्या, तो सुटकेसाठी पिंडाशी अडून बसला होता, आणि त्यांनी तिथे जाऊन त्याला आणखी ऐकवलं होतं. माइकवरून. त्यांना घाटाच्या पायऱ्यांत गडप व्हावंसं वाटलं. त्या म्हणाल्या, "येते मी आक्का," आणि वळल्या.

"थांबा की. काय मागनं मागितलं त्यानं?"

बाई थबकल्या.

"त्या पोरगेल्या साहेबाकडं गेला न्हाई का संध्याकाळी. एक मागनं हाय म्हनला. म्होरं काय?"

"तुम्ही ऐकत होतात?"

"न्हाईतर काय. चहा ठिवून आत जायची ती दाराआडच बसायची. भायेर आले असते तर तुमी मलाच सांगत बसला असता, आन् मालकांना वाटलं असतं आता उठावं." आक्काबाई बोटांवर मोजत सांगू लागल्या. "डाव्या डोळ्यानं त्याला कमी दिसायचं. दंव पडलं की रुमालानं पुसायचा, तर सर हम्फ्री वरडायचा. बायकोचं नाव हॅरिएट. लग्नाच्या येळेला तुमी एकदाच घेतलंत. मंग पुन्यांदा न्हाई."

मग बाईंनी, जे येत होतं तेच केलं. नदीकडे पाठ करून, पायरीवर बसलेल्या एका म्हातारीसमोर ताठ उभं राहून, वर्गात उभ्या राहायच्या तशा, त्यांनी शेवट सांगितला.

फेनविक म्हणाला, आज रात्री मला एकट्याला दुर्बिणीवर बसू द्या. दुर्बिणीवरच्या पहिल्या रात्री त्याने जो तारा टिपला होता तोच त्याला शेवटचा टिपायचा होता. साहेबाने परवानगी दिली. फेनविक जाऊन बसला, आणि आभाळ भरून आलं. तारा धाग्यावर यायची वेळ आली आणि गेली. ढग हलले नाहीत. तो मात्र पहाटेपर्यंत डोळा लावून बसून राहिला. मग त्याने नोंद केली, आकाश ढगाळ, वेध नाही. छपराची खिडकी ओढून घेतली, टोपी घातली आणि घरी गेला.

"त्याच्या सगळ्या जन्मात ही एकच नोंद अशी होती," बाई म्हणाल्या, "की जिच्यातून कुणालाही काही वजा करता आलं नाही."

झालं. गोष्ट संपली. बाईंना वाटलं होतं की हे वाक्य ज्या दिवशी आपण कुणाला ऐकवू त्या दिवशी आभाळ ठेंगणं होईल. घाटावर धुणं आपटल्याचा आवाज येत होता.

"आन् घरी गेल्यावर?" आक्काबाईंनी विचारलं.

"घरी गेल्यावर काय?"

"हॅरिएट जागी हुती का?"

फेनविकच्या डोळ्याचा नंबर बाईंना ठाऊक होता. त्याच्या घड्याळात तेल कुठलं घालत ते ठाऊक होतं. "ते माहीत नाही," त्या म्हणाल्या. "तिच्याविषयी कुठे काही मिळत नाही. लग्न झालं, एवढंच आहे."

"रोज रात्री ह्यो तिकडं. मंग ती काय करायची? जेवून घ्यायची का थांबायची?"

"नाही माहीत, आक्का." हे बोलताना बाईंना खरंच वाईट वाटलं. त्यांना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता हे ठीक, कारण इथवर कुणी पोचलंच नव्हतं. पण आपण तर पोचलो होतो. आपल्यालाही सुचला नाही.

आक्काबाई पाण्याकडे बघत होत्या. "संघाच्या मीटिंगा रात्रीच्याच असायच्या," त्या म्हणाल्या. "भाकरी झाकून ठिवायची मी. भुकेनं आतडी वडायची, पन थांबायची. आल्यावर संघाचं सगळं सांगायचे. कोन काय बोललं, कुनी कुनाला पाडलं. जेवलीस का म्हनून कधी इचारलं न्हाई. आन् आता बगा, येवढं एक न इचारताच गेले." त्यांचा आवाज फाटला. दहा दिवसांत त्या पहिल्यांदाच रडल्या, तोंड न झाकता.



थोड्या वेळाने आक्काबाईंनी नाक पुसलं. "थांबलीच असंल ती," त्या म्हणाल्या. "तुमी लिहा तसं. गोष्टीत घाला."

"असं कसं घालता येईल, आक्का. पुरावा लागतो."

"मंग मी सांगतीय त्यो काय?" आक्काबाई म्हणाल्या, आणि बाजूला सरकून त्यांनी पायरीवर जागा केली. विजयमालाबाई बसल्या आणि ऐकू लागल्या.